स्वादुपिंडातील चिकट गाठ आणि तिच्या सोबतीचा कर्करोग

आतड्याच्या कर्करोगासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये, ध्यानीमनी नसताना, स्वादुपिंडात द्रवाने भरलेली छोटी गाठ दिसते. अशा अनेक गाठी ‘आयपीएमएन’ प्रकारच्या असतात. यात स्वादुपिंडाच्या नलिकेचे अस्तर बोटांसारख्या उंचवट्यांनी वाढते आणि म्युसिन हा बुळबुळीत, घट्ट पदार्थ इतका स्रवते की नलिकाच फुगते. जपानी डॉक्टरांनी १९८२ साली असे रुग्ण प्रथम नोंदवले, तेव्हा नलिकेच्या सुजलेल्या तोंडातून हा चिकट स्राव बाहेर येताना त्यांना दुर्बिणीतून दिसला होता.

ही गाठ पुढे स्वतःच कर्करोगात बदलू शकते. मुख्य नलिकेत असेल तर हा धोका अधिक, उपशाखेत असेल तर बराच कमी. पण अधिक फसवी गोष्ट वेगळीच आहे. गाठ वर्षानुवर्षे शांत असताना त्याच स्वादुपिंडात, तिच्यापासून दूर, नेहमीचा घातक कर्करोग उद्भवू शकतो. अशा गाठींत ‘जीनास’ जनुकातील बदल वारंवार आढळतो, हे २०११ मध्ये समजले; दूरच्या कर्करोगात मात्र तो बहुधा नसतो, म्हणजेच तो कर्करोग सहसा या गाठीचा वंशज नसतो. त्यामुळे दर तपासणीत केवळ गाठीची लांबीरुंदी मोजून समाधान मानणे पुरेसे नाही, संपूर्ण स्वादुपिंड पाहावे लागते.

अशी गाठ असणाऱ्यांना इतर अवयवांचे कर्करोगही अधिक होतात का, हा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. जपान आणि कोरियातील अशा रुग्णांमध्ये जठराचे, तर पाश्चात्त्य देशांत मोठ्या आतड्याचे कर्करोग अधिक नोंदले गेले. हे तर त्या त्या देशांत एरवीही जास्त आढळणारे कर्करोग! शिवाय रुग्ण बहुतेक साठी-सत्तरीचे असतात, आणि पुष्कळदा दुसऱ्या कर्करोगासाठी केलेल्या स्कॅनमुळेच ही गाठ उघडकीस येते. गाठ सापडल्यानंतर किती जणांना नवा कर्करोग झाला, एवढेच मोजले तर काही अभ्यासांत वाढ दिसत नाही. म्हणून गाठ हेच कारण, असे मानणे मला घाईचे वाटते. वयानुसार करायच्या तपासण्या मात्र चुकवू नयेत.

प्यूट्झ-जेगर्स हा आनुवंशिक विकार याला अपवाद आहे. ओठांवर काळे ठिपके आणि आतड्यात पॉलिप (अस्तरावरचे मांसल उंचवटे) देणारा तोच एक जनुकदोष स्वादुपिंडातील ही गाठही घडवू शकतो आणि स्तन, जठर, आतडे यांच्या कर्करोगाचा धोकाही वाढवतो.