मायनस नंबरचा शोध, चार सेंटीमीटरच्या माशात

मायनस नंबर लागला की आपण म्हणतो डोळे कमजोर झाले, पण बहुतेक केसेसमध्ये डोळा कमजोर नसतो, लांब झालेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर, तो फक्त 1 मिलिमीटर जास्त वाढला तरी अडीच-तीनचा नंबर येतो, कारण लांबच्या वस्तूचा फोकस रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, अलीकडेच पडतो. म्हणजे खरा प्रश्न हा की वाढणाऱ्या डोळ्याला 'आता बास' हे सांगतं कोण.

आईवडील दोघांना चष्मा असला की मुलालाही लागायचे चान्सेस जास्त, हे आपल्याला माहितीच आहे. 2020 मध्ये युरोपियन वंशाच्या 5 लाख 42 हजारांहून जास्त लोकांचा डेटा एकत्र करून बघितला तेव्हा नंबरशी संबंध असलेल्या जीनोममधल्या शेकडो जागा निघाल्या. काम जबरदस्तच आहे, पण यातून मिळाली ती यादी. त्यातला एखादा जीन डोळ्यात नेमकं काय करतो ते बघायचं तर तो बंद करून बघायला हवा, आणि हे माणसाच्या बाळात करता येत नाही, करूही नये. म्हणून झेब्राफिश.

हा मासा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, तीन-चार सेंटीमीटरचा, अंगावर निळे पट्टे, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात सहज मिळतो. माणसाच्या जवळपास 70 टक्के जीन्सना याच्यात जोडीदार जीन सापडतो. उंदीर रात्रीचा प्राणी, त्याची नजर तशी अधूच, उलट हा दिवसा बघतो, रंग बघतो, पाचव्या दिवशी पिल्लाला दिसायला लागतं आणि तीनेक महिन्यांत मासा मोठा. शिवाय पाण्यात कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा, फोकसला जवळजवळ काहीच उपयोग नाही, सगळं काम गोल लेन्सचं, त्यामुळे लेन्सच्या मध्यापासून रेटिना किती लांब आहे ते मोजलं की नंबरचा अंदाज येतो.

मोजतात कसं, तर नेत्रतज्ज्ञांकडे रेटिनाचा ओसीटी स्कॅन (प्रकाशाने डोळ्याच्या आतले थर दाखवणारा) करतात ना, तोच! पाण्यात भूल देऊन मासा गुंगवायचा, आडवा ठेवून डोळ्याचा स्कॅन घ्यायचा आणि परत ताज्या पाण्यात सोडायचा. मासा मारावा लागत नाही, त्यामुळे त्याच माशाचा डोळा पुढे पुन्हा मोजता येतो, आणि वाढीचा अभ्यास करायचा तर हेच तर पाहिजे.

अमेरिकेत मिलवॉकीला ब्रायन लिंक यांच्या लॅबने असंच केलं. त्यांच्याकडे एलआरपी2 हा जीन बिघडलेले मासे होते, डोळे चांगले बटबटीत, आणि माणसात हा जीन आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेला आला तर डोनाई-बॅरो नावाचा दुर्मिळ आजार होतो ज्यात मोठा मायनस नंबर असतो. माशातही रेटिना फोकसच्या मागे गेलेला निघाला. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, 2014 च्या त्याच पेपरमध्ये त्यांनी जीन्स एकदम नॉर्मल असलेले मासे अंधारात वाढवले तर त्यांचेही डोळे लांब झाले, बिघडलेल्या जीनपेक्षा कमी, पण झाले. म्हणजे जीन आणि उजेड दोन्ही एकाच मापावर दिसले.

नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या टीमने 2021 मध्ये जीजेडी2 घेतला. हा जीन पेशीपेशींना जोडणाऱ्या बारीक चॅनलचं प्रोटीन बनवतो आणि माणसांच्या यादीत सारखा वर येतो. माशात याच्या दोन कॉपी आहेत. रेटिनातली एक बंद केली तर चक्क प्लस नंबर आला, दुसरी बंद केली तर लेन्समध्ये मोतीबिंदू झाला आणि त्यामुळे डोळा लांबला. एकाच जीनच्या दोन कॉपी, परिणाम उलटे! माणसांच्या कितीही मोठ्या यादीतून हे कधी कळलं नसतं.

अर्थात माशाच्या डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या आवरणात कूर्चा असते, आपल्या नसते, त्यामुळे आवरण ताणलं कसं जातं हे माशावरून थेट सांगता येणार नाही, त्यासाठी माकडांवरचे प्रयोग लागतातच. पण कुठला जीन बिघडला की डोळा अंधाराला जास्त बळी पडतो हे शोधायचं तर एकेक जीन बंद करून शेकडो मासे उजेडात-अंधारात वाढवून बघणं याच माशात परवडतं.