फोटो पिवळा, मॉनिटर निर्दोष

लग्नसराई तोंडावर आली की फोटोग्राफर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तक्रार हमखास येते. ‘फोटोशॉपमध्ये सगळं पिवळट दिसतंय. तोच फोटो पेंटमध्ये उघडला तर बरोबर, मोबाइलवर बरोबर. काय भानगड आहे?’ लगेच खाली तज्ज्ञ जमतात. एक म्हणतो, फोटोशॉप काढून परत टाक. दुसरा म्हणतो, ग्राफिक्स कार्ड चाललं. तिसरा केबल बदलायला सांगतो, तीही सोन्याचा मुलामा दिलेली. चौथा थेट नव्या मॉनिटरची लिंकच टाकतो.

‘पेंटमध्ये बरोबर’ हे शब्द मात्र कोणी नीट वाचत नाही. पेंट आणि फोटोशॉप एकाच मॉनिटरवर दिसतात, एकाच केबलमधून येतात, एकाच कार्डावर चालतात. मॉनिटर पिवळा पडला असता तर पेंटही पिवळं दिसलं असतं, डेस्कटॉपही आणि कोपऱ्यातलं घड्याळही. म्हणजे मॉनिटर, केबल आणि कार्ड तिघेही सुटले. सोन्याच्या मुलाम्याबद्दल एवढंच सांगतो: एचडीएमआय केबलमधून शून्य आणि एक जातात. मुलाम्यामुळे पिन गंजत नाही, हे खरं. पण केबल बिघडली तर चित्रात ठिपके उडतात किंवा पडदा काळा होतो. ती नवरीच्या साडीचा रंग ओळखून फक्त एकाच सॉफ्टवेअरमध्ये पिवळी छटा टाकत नाही.

मग उरतं काय? मॉनिटरचं प्रोफाइल. काही केबींची ही छोटीशी फाइल, शेवटी .आयसीसी किंवा .आयसीएम. पेंटला तिचा पत्ताच नसतो. फोटोशॉप मात्र ती वाचतं आणि तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतं. त्यामुळे प्रोफाइल चुकलं की अडाणी सॉफ्टवेअर बरोबर दिसतं आणि शहाणं सॉफ्टवेअर चुकतं. आपण मात्र दोष शहाण्याला देतो.

हे प्रोफाइल मुळात लागतंच कशाला? फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक बिंदूसाठी तीन आकडे: लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकी ० ते २५५. आता ‘२५५ लाल’ म्हणजे नेमका कुठला लाल? पाककृतीत ‘दोन वाट्या तांदूळ’ लिहिलेलं असतं तसंच हे. कोणाच्या घरची वाटी, ते ठाऊक नसेल तर पाण्याचा अंदाज चुकणारच. तुमच्या मॉनिटरचा पूर्ण लाल एक, माझ्या मॉनिटरचा दुसरा, छपाईच्या शाईचा तर तिसराच. आपल्या वाटीचं माप काय, एवढंच प्रोफाइल सांगतं. फोटोच्या फाइलला तिचं प्रोफाइल असतं (बहुतेक वेळा १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेलं एसआरजीबी), तसंच मॉनिटरला त्याचं. १९९३ मध्ये काही कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंग संघ, म्हणजे आयसीसी, स्थापन केला आणि अशा फाइली सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहायच्या, असं ठरवलं. आज तुमच्या संगणकात अशी डझनावारी प्रोफाइलं पडून असतील.

या यंत्रणेत मला सगळ्यात आवडतो तो मधला टप्पा. फोटोचे आकडे सरळ मॉनिटरच्या आकड्यांत बदलत नाहीत. ते आधी एका तटस्थ भाषेत जातात आणि तिथून मॉनिटरच्या भाषेत उतरतात. ही तटस्थ भाषा बऱ्याचदा एक्सवायझेड असते आणि ती १९३१ सालची आहे. इंग्लंडमध्ये विल्यम डेव्हिड राइट यांनी १० जणांना आणि जॉन गिल्ड यांनी ७ जणांना एका छिद्रातून अर्ध्या भागात एक रंग दाखवला. उरलेल्या अर्ध्या भागात लाल, हिरवा आणि निळा प्रकाश कमी-जास्त करून तोच रंग जुळवायला सांगितलं. त्या मोजमापांची गोळाबेरीज करून सीआयई या प्रकाश आणि रंगाची मापं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘प्रमाण निरीक्षक’, म्हणजे हिशेबासाठी धरलेला सरासरी डोळा, ठरवला. पुण्यातल्या स्टुडिओत आज अल्बमचा रंग जुळवला जातो, तेव्हाही हिशेब त्या १७ जणांच्या डोळ्यांच्या मापानेच होतो.

एक्स, वाय, झेड यांपैकी वाय म्हणजे उजेड आणि झेड म्हणजे ढोबळमानाने निळेपणा. एक्समध्ये लालचा वाटा मोठा असतो. या तटस्थ भाषेत ‘पांढरा’ कोणता, हेही ठरलेलं आहे. त्याला डी५० म्हणतात. छपाईच्या धंद्यात कागद ज्या प्रकाशात पारखायचा, तोच हा किंचित उबदार पांढरा. त्याचे आकडे आहेत ०.९६४, १ आणि ०.८२५. मॉनिटरचा पांढरा मात्र सहसा डी६५ असतो, अधिक निळसर: ०.९५०, १ आणि १.०८९. झेडमधला फरक पाहा, ०.८२५ विरुद्ध १.०८९.

आता आयसीसीचा नियम असा की प्रोफाइल लिहिताना मॉनिटरचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग आधी डी५०च्या हिशेबात बसवून मगच नोंदवायचे. का? तर आपला डोळाही तसंच करतो. ट्यूबलाइटखाली पाच मिनिटं बसलं की कागद पांढराच दिसतो, बल्बखालीही पांढराच दिसतो. तेव्हा प्रोफाइलमधल्या तिन्ही रंगांची बेरीज बरोबर डी५० यायला हवी. एसआरजीबीच्या प्रोफाइलमध्ये झेडचे आकडे आहेत लालचा ०.०१४, हिरव्याचा ०.०९७ आणि निळ्याचा ०.७१४. बेरीज ०.८२५. जमलं.

समजा, प्रोफाइल बनवणाऱ्याने ही पायरी गाळली आणि मॉनिटरचे कच्चे डी६५चे आकडेच नोंदवून टाकले. आता फोटोशॉप फोटोतला शुद्ध पांढरा, २५५, २५५, २५५, घेतं. तटस्थ भाषेत तो होतो डी५०, झेड ०.८२५. मग ते मॉनिटरच्या प्रोफाइलला विचारतं, एवढा झेड हवा असेल तर किती निळा पाठवू? प्रोफाइल म्हणतं, माझे तिन्ही रंग पूर्ण लावले तर झेड १.०८९ होतो, तेव्हा निळा कमी कर. तीन समीकरणं सोडवली की निळा येतो ०.७२, हिरवा ०.९८ आणि लाल १.१८. लाल एकपेक्षा जास्त होऊच शकत नाही, म्हणून तो एकवर कापला जातो. हे आकडे प्रकाशाचे आहेत. ते एसआरजीबीच्या वक्ररेषेतून (प्रकाशाचं फाइलच्या आकड्यांत रूपांतर करणारं सूत्र) काढून ० ते २५५च्या पट्टीवर आणले की उत्तर मिळतं: २५५, २५२, २२१.

हा रंग पेंटमध्ये भरून पाहा. फिकट सायीचा पिवळा. जुन्या विंडोज फोटो व्ह्यूअरमध्ये पांढरी पार्श्वभूमी जशी अचानक पिवळट व्हायची, अगदी त्याच थाटाचा. सॉफ्टवेअरने हिशेबात काहीही चूक केलेली नाही. ‘मॉनिटर निळसर आहे’ असं त्याला सांगितलं गेलं आणि त्याने प्रामाणिकपणे निळा काढून टाकला. मॉनिटर निळसर नव्हताच, म्हणून उरला पिवळा.

समीकरणांत कोणी अडकलं असेल तर सोडून द्या. रोग ओळखायला ती लागत नाहीत, एक स्क्रीनशॉट पुरतो. फोटोशॉपमध्ये नवी पांढरीशुभ्र फाइल उघडा. इन्फो पॅनेलमध्ये आकडे २५५, २५५, २५५ दिसतात, याची खात्री करा. मग स्क्रीनशॉट घ्या, पेंटमध्ये चिकटवा आणि तिथल्या ड्रॉपरने त्या पांढऱ्या भागाचा रंग उचलून आकडे बघा. आकडे २५५, २५२, २२१ असे काहीतरी आले तर पिवळेपणा सॉफ्टवेअरच्या हिशेबातच आलाय आणि प्रोफाइलच गुन्हेगार आहे. तिन्ही २५५ आले आणि तरी डोळ्यांना पिवळं दिसत असेल, तर छटा हिशेबानंतर चढते आहे. म्हणजे रात्री पडदा पिवळसर करणारा विंडोजचा नाइट लाइट चालू राहिलाय किंवा मॉनिटरच्या बटणांवरच्या मेनूत ‘वॉर्म’ लागलंय. या गोष्टी स्क्रीनशॉटमध्ये पकडल्या जात नाहीत. मात्र हा स्क्रीनशॉट त्याच फोटोशॉपमध्ये उघडू नका. प्रोफाइलचा हिशेब त्याला दुसऱ्यांदा लागतो आणि तो आणखी पिवळा दिसतो.

दुसरी खूण फोटोशॉपमध्येच आहे. व्ह्यू मेनूत प्रूफ सेटअपमध्ये ‘मॉनिटर आरजीबी’ निवडा. मग फोटोशॉप मॉनिटरचं प्रोफाइल बाजूला ठेवतं आणि पेंटसारखे कच्चे आकडे पाठवतं. पिवळेपणा तेवढ्याने गेला तर निदान पक्कं.

इलाज त्या मानाने सोपा आहे. विंडोजच्या शोधपट्टीत ‘कलर मॅनेजमेंट’ लिहा. डिव्हाइसेसच्या टॅबवर आपला मॉनिटर निवडा आणि ‘यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस’वर टिक करा. खाली मॉनिटर कंपनीच्या नावाचं प्रोफाइल दिसेल. ते ड्रायव्हरबरोबर किंवा विंडोज अपडेटबरोबर न विचारता घरात शिरलेलं असतं. ‘एसआरजीबी आयईसी ६१९६६-२.१’ हे प्रोफाइल जोडा आणि डिफॉल्ट करा. फोटोशॉप बंद करून पुन्हा सुरू करा, कारण प्रोफाइल ते साधारण सुरुवातीलाच वाचतं. दोन मॉनिटर असतील तर प्रत्येकाचं वेगळं तपासा. जिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातही प्राधान्यक्रमांच्या (प्रेफरन्सेस) खिडकीत रंग व्यवस्थापनाचं पान आहे, तिथेही मॉनिटरचं प्रोफाइल नेमता येतं.

पण एसआरजीबी लावणं हे साध्या मॉनिटरपुरतंच चालतं. हल्ली फोटोग्राफर रुंद रंगपल्ल्याचे, म्हणजे जास्त गडद रंग दाखवू शकणारे मॉनिटर घेतात, अ‍ॅडोबी आरजीबी किंवा डिस्प्ले पी३ या एसआरजीबीहून मोठ्या मापांच्या जवळचे. त्यांचा लाल एसआरजीबीपेक्षा बराच भडक असतो. एसआरजीबीचा पूर्ण लाल पी३ मॉनिटरवर तसाच दाखवायचा तर २५५, ०, ० नाही, २३४, ५१, ३५ पाठवावं लागतं. तिथे तुम्ही एसआरजीबीचं प्रोफाइल लावलंत तर सॉफ्टवेअरला वाटतं, काही बदलायची गरजच नाही. ते २५५, ०, ०च पाठवतं. हळदीच्या फोटोतली सगळी माणसं उन्हात भाजल्यासारखी दिसू लागतात. फोटोग्राफर बिचारा रंग उतरवतो आणि लॅबमधून अल्बम येतो तो आजारी चेहऱ्यांचा. अशा वेळी मॉनिटरच्या मेनूत ‘एसआरजीबी मोड’ असेल तर तो लावावा आणि मगच एसआरजीबीचं प्रोफाइल द्यावं. नाहीतर मोजून बनवलेलं खरं प्रोफाइल हवं.

आणखी एक घोळ नेहमी दिसतो, आणि तो जास्त चिवट असतो. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये ‘वर्किंग स्पेस’ (फोटोवर काम करताना आकडे ज्या मापाने वाचायचे ते) म्हणून लोक स्वतःच्या मॉनिटरचं प्रोफाइल निवडतात, कारण कुठल्याशा व्हिडिओत तसं सांगितलेलं असतं. मग आपल्या पडद्यावर सगळं जुळतं, पण फाइल दुसऱ्याकडे गेली की ती आपल्या वाटीचं माप घेऊन जाते. मॉनिटरचं प्रोफाइल ऑपरेटिंग सिस्टिमकडे राहू द्यावं. वर्किंग स्पेस एसआरजीबी ठेवावी, किंवा काय करतोय हे नीट कळत असेल तर अ‍ॅडोबी आरजीबी.

जाहिरातींविषयीही बोलायला हवं. मॉनिटरच्या खोक्यावर ‘१०७ कोटी रंग’ छापतात. हा आकडा म्हणजे प्रत्येक रंगाच्या १०२४ पायऱ्या, १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४. पायऱ्या वाढल्या म्हणून जिना उंच होत नाही. रंगाचा पल्ला किती आणि पायऱ्या किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि खोक्यावर सोयीचं तेवढंच छापतात. नवरात्रात ‘आजचा रंग मोरपंखी’ म्हणून मोबाइलवर चित्रं फिरतात, तेव्हाही मला हेच आठवतं. नऊ रंगांची ही चाल वर्तमानपत्रांनी रूढ केली, कुठल्या पोथीत ती नाही. आणि खरा चमकता मोरपंखी बहुतेकदा एसआरजीबीच्या पल्ल्याबाहेर पडतो. पडद्यावर त्याचा जवळचा नातेवाईक दिसतो. ऑनलाइन मागवलेली मोरपंखी पैठणी घरी आल्यावर वेगळी दिसते, त्यात दरवेळी दुकानदाराची लबाडी नसते.

धंदा फोटोचाच असेल तर कलरिमीटर घ्यावा. हे छोटं उपकरण पडद्यावर टांगतात. सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवतं, उपकरण खरा उजेड मोजतं आणि त्यातून तुमच्याच मॉनिटरचं प्रोफाइल तयार होतं. आर्गिल सीएमएस हे या कामाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. या प्रोफाइलमध्ये दोन गोष्टी एकत्र असतात, आणि इथे बरेच जण गोंधळतात. एक म्हणजे वर्णन, जे फोटोशॉप वाचतं. दुसरी म्हणजे ग्राफिक्स कार्डात भरायची दुरुस्ती-पट्टी. ती सुरुवातीला भरली जाते आणि सगळ्या पडद्याला लागू होते, पेंटलाही. काही वेळा एखादा गेम किंवा ड्रायव्हर ती पुसून टाकतो. मग वर्णन जागेवर, दुरुस्ती गायब, आणि संपूर्ण पडदाच हलका निळा किंवा लालसर दिसतो. स्क्रीनशॉटमध्ये यातलं काही सापडत नाही. सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी रंग घसरला असेल तर आधी संगणक पुन्हा सुरू करून बघा. आणि मोठं विंडोज अपडेट झालं की कलर मॅनेजमेंटची खिडकी एकदा उघडून पाहायची, बाजूला सारलेलं कंपनीचं प्रोफाइल पुन्हा डिफॉल्ट होऊन बसलंय का ते.