महागड्या भेटीचा जुना हिशोब

जोडीदाराने महागडी भेट मागितली की मनात पटकन येणारा शब्द म्हणजे 'हाव'. आणि आपण हात आखडता घेतला की समोरून येणारा शब्द, 'चिक्कू'. दोन्ही शब्द घाईचे आहेत, कारण हे भांडण त्या दोघांच्या किती तरी आधीपासून चालू आहे.

रोमन कायद्यात नवरा-बायकोने एकमेकांना दिलेली भेट मुळात वैधच मानली जात नसे. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने 533 साली जुन्या कायदेपंडितांच्या मतांचा जो संग्रह लागू झाला, त्यात याची कारणं नोंदलेली आहेत. एक कारण असं की प्रेमाच्या भरात दोघांनी एकमेकांना कंगाल करून टाकू नये. दुसरं मला जास्त बोलकं वाटतं: ज्याला देणं शक्य आहे त्याने दिलं नाही म्हणून संसार मोडू लागतील, आणि मग लग्न म्हणजे विकत घ्यायची वस्तू होऊन बसेल. गंमत म्हणजे वाढदिवसाच्या माफक भेटीला ते लोक आडवे येत नसत. भेट बेसुमार असेल तरच ती बंदीत सापडे. माफक कुठे संपतं आणि बेसुमार कुठे सुरू होतं, हा प्रश्न तेव्हाही होताच. हा संग्रह होण्याच्या कितीतरी आधी, 206 सालीच, नियम सैल झाला होता: देणाऱ्याने मरेपर्यंत भेट परत मागितली नाही, तर ती टिके.

इंग्लंडमधली गोष्ट वेगळी, आणि आजच्या भांडणाच्या जास्त जवळची. तिथल्या जुन्या कायद्यानुसार लग्न होताच बायकोची रोकड, जंगम वस्तू, अगदी तिची कमाईसुद्धा नवऱ्याची होई. तिच्या अंगावरचे कपडे आणि दागिने मात्र एका खास वर्गात मोडत. नवरा जिवंत असेपर्यंत ते विकू शके, पण मृत्युपत्र करून दुसऱ्या कुणाला देऊ शकत नसे. म्हणजे तो गेल्यावर तिच्या हाती उरण्यासारखं जे काही थोडं असे, त्यात हे दागिने. अशा बाईने नवऱ्याकडे भारी दागिन्याचा हट्ट धरला, तर त्याला हाव म्हणायचं की उद्याची तरतूद? 1870 च्या कायद्याने तिची कमाई तिची झाली आणि 1882 च्या कायद्याने मालमत्ताही. पण कायदा बदलला म्हणून अपेक्षा लगेच बदलत नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही पुष्कळ घरांत बायकोला मिळणारा पैसा हा तिचा हक्क समजला जात नसे. तो नवऱ्याने खुशीने दिलेला असे, म्हणजे एक प्रकारे भेटच. समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलिझर यांनी 1994 च्या आपल्या पुस्तकात हे तपशिलाने मांडलं आहे.

मग अंगठी आली. अमेरिकेत लग्न ठरवून मोडणाऱ्या पुरुषावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत असे. 1935 मध्ये इंडियाना राज्याने असे दावे बंद केले आणि इतर काही राज्यांनी तोच मार्ग धरला. कायद्याच्या अभ्यासक मार्गारेट ब्रिनिग यांनी 1990 मध्ये असं मांडलं की दाव्याचा आधार गेला तेव्हा महागड्या अंगठीने तारणाची जागा घेतली. म्हणजे किंमत जास्त हवी, यामागे त्या काळापुरता व्यवहार होता. हिरे विकणाऱ्या डी बिअर्स कंपनीने 1938 मध्ये एन. डब्ल्यू. आयर या जाहिरात संस्थेला कामाला लावलं. 1947 मध्ये त्या संस्थेतल्या फ्रान्सिस गेरेटी यांनी 'हिरा कायमचा असतो' या अर्थाची ओळ लिहिली. पुढे 1980 च्या दशकात जाहिरातींनी मापही ठरवून दिलं: अंगठीसाठी दोन महिन्यांचा पगार. पगाराची पट हे माप कुठल्या शास्त्रातून आलेलं नाही, विकणाऱ्याकडून आलेलं आहे. तरी अजून लोक ते परंपरा म्हणून सांगतात.

यानंतर संशोधकांनी किमतीकडे उलट्या बाजूने पाहिलं. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांच्या 2009 च्या अभ्यासात देणाऱ्यांना वाटत होतं की भेट जितकी महाग तितकं समोरच्याला बरं वाटेल. घेणाऱ्यांच्या समाधानाचा मात्र किमतीशी तसा संबंध दिसला नाही. 2011 मध्ये स्कॉट रिक आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. खर्च करताना ज्यांच्या जिवावर येतं ते आणि ज्यांचा हात सैल ते, असे लोक एकमेकांशीच लग्न करण्याकडे झुकतात, आणि ही तफावत जितकी मोठी तितके पैशावरून खटके जास्त. स्वतःची जी सवय स्वतःला आवडत नाही, तिच्या उलट माणूस आवडतो, असं त्यांचं स्पष्टीकरण. लग्नाआधी जो उदारपणा भुरळ घालतो, तोच पुढे उधळपट्टी वाटू लागतो.

हे सगळं लक्षात ठेवून बोलायचं झालं, तर 'इतकं महाग कशाला' या प्रश्नाने सुरुवात करू नये, असं माझं मत. त्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारावं: ही वस्तू मिळाली नाही तर तुला नेमकं काय कमी वाटेल? कुणाला अडीअडचणीची सोय हवी असते. तसं असेल तर तिची जागा भेटीत नाही, दोघांच्या नावावरच्या बचतीत आहे. कुणाला चारचौघांत दाखवायला काही तरी हवं असतं, कुणाला फक्त आपली आठवण ठेवल्याची खूण. या तिन्हींचा खर्च वेगवेगळा येतो, आणि खुणेचा सगळ्यात कमी. आकडा बोलायचाच असेल तर वाढदिवस दोन महिने लांब असताना बोलावा. आदल्या दिवशी तोच आकडा कितीही असला तरी नकारासारखा ऐकू येतो.