सोने वितळते सहज, अडते ते ओतताना

१० ग्रॅम सोने वितळवायला उष्णता किती लागते, याचा हिशेब एकदा करून पाहावा. उत्तर पाहून आश्चर्य वाटते. खोलीच्या तापमानाचे सोने वितळणबिंदूपर्यंत तापवायचे आणि त्याचा पूर्ण रस करायचा, या सगळ्याला साधारण २,००० ज्यूल पुरतात. तेवढ्या उष्णतेत १० ग्रॅम पाणी फक्त ५० अंशांनी तापते. एक ग्रॅम सोने एका अंशाने तापवायला पाण्याच्या सुमारे बत्तिसाव्या हिश्शाएवढीच उष्णता लागते. वितळताना लागणारी अप्रकट उष्णताही ग्रॅममागे फक्त ६४ ज्यूल आहे. बर्फाला ती ३३४ ज्यूल लागते.

मग घरी गॅसच्या छोट्या टॉर्चने सोने वितळवू पाहणाऱ्यांपैकी अनेकांचा तुकडा लाल होऊन तसाच का राहतो? कारण प्रश्न उष्णतेच्या प्रमाणाचा नाही, ती टिकण्याचा आहे. शुद्ध सोने १०६४.१८ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच तापमानाला गोठते. हे तापमान इतके पक्के आहे की १९९०च्या आंतरराष्ट्रीय तापमान मापश्रेणीत ते एक नियत बिंदू म्हणून वापरले जाते. एवढ्या तापलेल्या काळ्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून केवळ प्रारणाने सुमारे १८ वॅट उष्णता बाहेर पडते. १० चौरस सेंटिमीटरची मूस, म्हणजे धातू वितळवायचे भांडे, धरली तर सोने वितळवायला लागणारी सगळी उष्णता ती अकरा-बारा सेकंदांत आजूबाजूला फेकून देते. ज्योत उष्णता देत असते आणि मूस ती गमावत असते. या शर्यतीत ज्योत पुढे राहिली तरच रस होतो.

म्हणून मोठी ज्योत शोधण्याआधी उष्णतेची गळती थांबवावी. उघड्या विटेवर न वितळणारा तुकडा कोळशात कोरलेल्या खळग्यात त्याच टॉर्चने वितळतो, कारण खळग्याच्या भिंती स्वतः तापतात आणि आपली उष्णता परत सोन्यावर टाकतात. कोळशाचा आणखी एक फायदा आहे. तो जळताना जवळपासचा ऑक्सिजन वापरून टाकतो, त्यामुळे सोन्यात मिसळलेले तांबे काळे पडत नाही. ज्योतही नीट धरावी लागते. आतल्या निळ्या शंकूत अजून न जळलेला वायू असतो आणि तो भाग तुलनेने थंड असतो. सर्वांत गरम जागा त्या शंकूच्या टोकाच्या किंचित पुढे असते. निळे टोक थेट धातूवर टेकवणारा माणूस बराच वेळ वाया घालवतो.

आता टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. या पांढऱ्या पुडीशिवाय सोन्याचे काम होत नाही, आणि तिचे रसायनशास्त्र मला फार सुंदर वाटते. टाकणखाराच्या स्फटिकात पाण्याचे दहा रेणू अडकलेले असतात. तापवल्यावर ते बाहेर पडतात आणि पूड फुगून लाहीसारखी होते. त्या वेळी वर सोन्याचा कीस असेल तर तो उडून जातो. म्हणूनच कीस आणि टाकणखार पातळ कागदाच्या पुडीत बांधून मुशीत ठेवतात. पाणी गेलेला टाकणखार सुमारे ७४० अंशांना वितळतो आणि काचेसारखा चिकट द्रव बनतो. तांब्याचे ऑक्साइड या काचेत विरघळते. शुद्ध सोन्याचे ऑक्सिडीकरण होत नाही, त्यामुळे त्याला याची फारशी गरज नसते. पण मिश्रधातूत टाकणखाराने रस स्वच्छ होतो आणि त्याचे लहान थेंब एकमेकांत मिसळू शकतात. नवी मूस वापरण्याआधी तिला आतून टाकणखाराचा पातळ थर देतात. त्या गुळगुळीत थरावर सोने चिकटत नाही.

टाकणखार जास्त घातला तर मात्र नुकसान होते. काचेचा जाड थर रसाबरोबर साच्यात उतरतो आणि त्यात सोन्याचे बारीक मणी अडकून राहतात. वितळवल्यावर वजन घटले की सोने ‘उडाले’ असे म्हटले जाते. पण १,१०० अंशांच्या आसपास सोन्याची वाफ नगण्य असते. हरवलेले सोने बहुतेक वेळा या काचेत, मुशीच्या भिंतीवर किंवा खाली सांडलेले सापडते. ही काच गरम पाण्यात हळूहळू विरघळते, तेव्हा ती फेकून देऊ नये. राहिलेली घट खऱ्या अर्थाने जळून गेलेल्या मळाची, मेणाची किंवा मिश्रणातल्या जस्ताची असते.

जस्ताचा मुद्दा इथे थांबून सांगायला हवा. जस्त ९०७ अंशांना उकळते. सोने वितळण्याआधीच ते मुशीतून निघते आणि हवेत पांढरा धूर होतो. तो श्वासात गेला तर काही तासांनी ताप भरतो. कॅडमियम त्याहून घातक आहे. ते ७६७ अंशांनाच उकळते. पूर्वीच्या डाकात, म्हणजे दागिन्याचे जोड सांधणाऱ्या मिश्रधातूत, ते सर्रास वापरले जाई. त्याच्या वाफेने फुप्फुसात पाणी होऊ शकते आणि त्रास काही तास उलटल्यावर जाणवतो. माझे मत स्पष्ट आहे: ज्याच्या डाकात काय आहे हे माहीत नाही, असा जुना दागिना घरी वितळवू नये.

मिश्रणाची एक गोष्ट मात्र आनंदाची आहे. तांबे १,०८५ अंशांना वितळते, सोने १,०६४ला. पण वजनाने सुमारे ८० टक्के सोने आणि २० टक्के तांबे एकत्र केले की हे मिश्रण ९१० अंशांच्या आसपासच वितळते. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा साधारण ११ टक्क्यांनी लहान असतो. स्फटिकाच्या बांधीव रचनेत हे दोन्ही अणू शेजारी बसवताना ताण येतो. द्रवात अशी रांग नसते, म्हणून मिश्रणाला द्रव होणे सोपे जाते. त्यामुळे १८ कॅरटचे तांबूस सोने शुद्ध सोन्यापेक्षा लवकर पाघळते.

पाघळताना आधी कडा चमकतात, कोपरे गोल होतात आणि मग तुकडे एकाएकी एकत्र येऊन गोळा होतात. सोन्याच्या रसाचा पृष्ठताण पाण्याच्या पंधरा पटींच्या आसपास असतो. तरी १० ग्रॅमचा रस पूर्ण गोल राहत नाही, थोडा चपटा होतो, कारण तो पाण्याहून सतरा पट जडही असतो. रस झाला म्हणजे लगेच ओतायचा नाही. मूस हलकेच फिरवल्यावर रस अडखळत न जाता मोकळा फिरला पाहिजे. वितळणबिंदूच्या शंभरेक अंश वर गेल्याची ही खूण आहे.

खरी कसोटी पुढच्या सेकंदाची आहे. वितळणबिंदूच्या १०० अंश वर असलेल्या १० ग्रॅम रसाकडे गोठायला सुरुवात होण्याआधी गमावता येईल अशी उष्णता सुमारे १५० ज्यूल असते. पूर्ण गोठताना तो आणखी ६४० ज्यूल देतो. हे सगळे २०० ग्रॅमच्या लोखंडी साच्याने घेतले तरी साचा नऊएक अंशांनीच तापेल. थंड साचा म्हणजे या रसासाठी न भरणारी विहीर आहे. पहिला थेंब टेकला की गोठतो आणि मागचा रस त्याच्यावर ढिगासारखा साचतो. एक किलोच्या लगडीला ही अडचण कमी येते, कारण आकार तोच ठेवला तर एक ग्रॅमच्या गोळ्याला दर ग्रॅममागे तिच्या दहापट पृष्ठभाग असतो.

त्यामुळे साचा आधी दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवतात आणि ओततानाही ज्योत मुशीच्या चोचीवर ठेवतात. एका हातात सांडशी, दुसऱ्यात टॉर्च, आणि ओतणे न थांबता एका दमात. तापलेल्या साच्यात ओलावा राहत नाही, आणि हे जास्त महत्त्वाचे आहे. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,७०० पट होते. रसाखाली एक थेंब जरी अडकला तरी तो रस डोळ्यांवर उडवू शकतो. उघड्या काँक्रीटवर हे काम करू नये, कारण त्यातही ओलावा असतो आणि ते तडकून उडते. चष्मा, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे आणि मोकळी हवा यांशिवाय टॉर्च पेटवूच नये.

गोठताना सोने सुमारे पाच टक्क्यांनी आक्रसते, म्हणून लगडीच्या वरच्या बाजूला खळगी पडते. तो दोष नव्हे.

दोन-तीन ग्रॅमच सोने असेल तर ओतण्याच्या फंदात पडू नये. कोळशाच्या खळग्यातच त्याचा मणी गोठू द्यावा. तो गोठताना नीट पाहावे: मणी मंद होत जातो आणि अचानक क्षणभर उजळतो. लहान थेंब वितळणबिंदूच्या खाली जाऊनही काही वेळ द्रवच राहतो. मग स्फटिक बनायला लागला की अडवून धरलेली उष्णता एकदम सुटते. डेव्हिड टर्नबुल आणि सेक या संशोधकांनी १९५० साली अतिसूक्ष्म थेंबांवर प्रयोग केले, तेव्हा सोने आपल्या वितळणबिंदूच्या सुमारे २३० अंश खालीही द्रवरूपात राहिले होते.

मणी थंड झाल्यावर हातोडीने हलकेच ठोकून पाहावा. चांगले सोने पसरते. कडेला तडे गेले तर आत टाकणखाराचा किंवा ऑक्साइडचा अंश अडकला असेल, आणि पुन्हा वितळवल्याने तो निघतो. पण कधीकधी तडे शिशाचे किंवा बिस्मथचे असतात. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हॅचेट यांनी १८०३ साली दाखवून दिले की सुमारे दोन हजार भागांत एक भाग बिस्मथसुद्धा सोन्याला ठिसूळ करते. असे सोने कितीही वेळा आटवले तरी सुधारत नाही. त्याला आम्लांनी शुद्ध करावे लागते, आणि ते काम योग्य सोय असलेल्या प्रयोगशाळेकडेच सोपवावे.