जुन्या गेमांचे नव्या संगणकावर काय बिनसते : पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचा जुना संगणक मॉनिटरसकट पाण्याखाली गेला. गाळ उपसून झाल्यावर त्याची कॅबिनेट भंगारात द्यावी लागली; माळ्यावर टाकलेले सीडींचे पाकीट मात्र कोरडे राहिले. यंदा सुट्टीत भाच्याने ते पाकीट खाली काढले, आपल्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला बाहेरून सीडी ड्राइव्ह जोडला आणि मार्करने ‘कार रेस’ असे लिहिलेल्या सीडीतील सेटअपवर क्लिक केले. हे ॲप या पीसीवर चालू शकत नाही, अशा अर्थाची चौकट पुढे आली. ‘मामा, सीडी खराब झालीय,’ असे त्याचे निदान होते. सीडीला काहीही झालेले नव्हते. तिच्यावरची प्रत्येक फाइल वाचता येत होती आणि वीस-बावीस वर्षांपूर्वी होती तशीच होती.

संगणकाच्या फाइलीला गंज चढत नाही. बदलते ते तिच्या भोवतालचे यंत्र, आणि गेम जुन्या यंत्रावर जितका विसंबून लिहिलेला असतो, तितका तो नव्या यंत्रावर अडतो. या विसंबण्याचा इतिहास डॉसपासून सुरू होतो.

१९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर आलेली डॉस ही आजच्या अर्थाने राखणदार कार्यप्रणाली नव्हती. फाइली उघडणे आणि प्रोग्रॅम मेमरीत चढवणे एवढे काम करून ती बाजूला होत असे आणि त्यानंतर सगळे यंत्र त्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन असे. गेम लिहिणाऱ्यांना हेच हवे होते. पडद्यावर चित्र उमटवायचे तर ते थेट व्हिडिओ मेमरीत आकडे लिहीत; आवाज काढायचा तर थेट साउंड कार्डाशी बोलत. त्यामुळे गेम पहिल्यांदा लावताना साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाचा पत्ता २२०, आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारण्याची वाट) ५ किंवा ७ आणि डीएमए (थेट मेमरीशी देवाणघेवाण करण्याची वाट) १ हे आकडे खेळणाऱ्यालाच सांगावे लागत आणि एक जरी चुकला, तरी गेम मुका राहत असे किंवा जागीच अडकत असे. मेमरीचा प्रश्न याहून चिवट होता. पहिल्या पीसीचा प्रोसेसर फक्त एक मेगाबाइटपर्यंतचे पत्ते ओळखत असे आणि त्यातील ६४० किलोबाइट प्रोग्रॅमच्या वाट्याला येत. पुढे मशीनमध्ये चार-आठ मेगाबाइट रॅम आली, तरी डॉसचा हा उंबरठा हलला नाही. विश्रामबागेतल्या ज्या क्लासमध्ये मी संगणक शिकलो, तिथे सरांच्या टेबलाच्या खणात एक वेगळी फ्लॉपी असे. तिच्यावरून मशीन सुरू केले की माउस आणि सीडीचे ड्रायव्हर चढत नसत, त्यामुळे मेमरी मोकळी राही आणि मोठे गेम चालत. शनिवारी तास संपल्यावर ती फ्लॉपी बाहेर निघे. छोट्या गेमांना तिची गरज नव्हती. प्रिन्स ऑफ पर्शिया या गेमसाठी काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स मेगाहिट’ असे टाइप करून एंटर दाबले की काम भागत असे. मेगाहिट हा शब्द चाचणीसाठी ठेवलेल्या चोरवाटेचा आहे, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले. तोवर तो गेमच्या नावाचाच भाग वाटत होता.

वेगाचे गणितही असेच यंत्राला बांधलेले होते. पहिल्या पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झचा होता, आणि सुरुवातीच्या कित्येक गेमांनी तोच वेग कायमचा धरून आपल्या हालचाली बसवल्या होत्या. अधिक वेगवान मशीनवर हे गेम खेळता येणार नाहीत इतके सुसाट पळू लागले, म्हणून कॅबिनेटवर टर्बो नावाचे बटन आले. त्याचा खरा उपयोग मशीन हळू करण्यासाठी होता, ही त्या नावातली गंमत आहे. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमांचे याहून विचित्र झाले. त्या भाषेच्या एका प्रमाणित भागात सुरुवातीलाच मशीनचा वेग मोजला जाई: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामे आवर्तन किती वेळा फिरले ते मोजून त्या संख्येला ५५ ने भागले जाई आणि उत्तर १६ बिटच्या जागेत ठेवले जाई. त्या जागेत ६५,५३५ हून मोठा आकडा मावत नाही. सुमारे २०० मेगाहर्ट्‌झचे पेंटियम आले तेव्हा उत्तर त्या मर्यादेपलीकडे गेले आणि मुळात निर्दोष वाटणारे प्रोग्रॅम सुरू होता होताच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडू लागले. मशीन फार वेगवान झाले, एवढाच त्यांचा आजार होता.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टपुढे खरा पेच होता. नवी प्रणाली घेतल्यावर आपले जुने प्रोग्रॅम बंद पडले, तर ग्राहक दोष प्रोग्रॅमला न देता नव्या प्रणालीलाच देणार, हे उघड होते. म्हणून कंपनीने जुन्या प्रोग्रॅमांच्या चुका स्वतःच्या अंगावर घेण्याचे धोरण ठेवले. याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण सिमसिटी या शहर वसवण्याच्या गेमचे आहे. प्रोग्रॅमर आणि लेखक जोएल स्पोल्स्की यांनी लिहिल्याप्रमाणे, विंडोज ३ साठीच्या सिमसिटीमध्ये एक दोष होता: परत करून टाकलेली मेमरी तो गेम लगेच पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजमध्ये ती मेमरी तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाला दिली जात नसल्याने हे खपून जाई. विंडोज ९५ मध्ये ते खपेना. तेव्हा विंडोजमध्येच अशी सोय केली गेली, की सिमसिटी चालू आहे असे दिसल्यास परत आलेली मेमरी लगेच मोकळी करायची नाही. एका गेमच्या चुकीसाठी अख्ख्या कार्यप्रणालीने आपली रीत बदलली. आवृत्तीच्या आकड्याबाबतही असेच झाले. काही प्रोग्रॅम विंडोजची आवृत्ती ‘किमान ३.१०’ आहे का हे तपासताना मुख्य आकडा आणि उपआकडा वेगवेगळे ताडून बघत. विंडोज ९५ ची आवृत्ती ४.० होती, तिच्यात उपआकडा शून्य असल्याने अशा तपासणीत नवी विंडोज जुन्यापेक्षा जुनी ठरली असती. म्हणून विंडोज ९५ जुन्या १६ बिट प्रोग्रॅमांना आपली ओळख ३.९५ अशी सांगत असे. जुळवून घेण्यासाठी बोललेले हे खोटे मला या सगळ्या इतिहासातले सर्वात शहाणपणाचे वाटते.

त्याच वर्षी आलेल्या डायरेक्टएक्समुळे गेमांना यंत्राशी थेट न बोलता विंडोजमार्फत, पण वेगाने, बोलण्याची वाट मिळाली. तरीही विंडोज ९५ आणि ९८ यांच्या पोटात डॉस जिवंत होती, म्हणून डॉसचे गेम तिथे बहुधा चालत. २००१ मध्ये आलेल्या एक्सपीने ही नाळ तोडली. ती एनटी या वेगळ्या घराण्यातील होती आणि त्या घराण्यात कोणत्याही प्रोग्रॅमला यंत्राला थेट हात लावण्याची मुभा नव्हती. डॉसच्या प्रोग्रॅमांसाठी तिने एनटीव्हीडीएम नावाचे आभासी डॉस यंत्र ठेवले होते. पण कार्यालयीन प्रोग्रॅम तिथे जेवढे सुखाने चालत, तेवढे गेम चालत नसत आणि आवाजाची तर बहुतेक वेळा बोंब असे. एक्सपीने प्रोग्रॅमच्या गुणधर्मांत ‘कंपॅटिबिलिटी’ हा टॅबही दिला. त्यामागे जुन्या प्रोग्रॅमांची एक भलीमोठी यादी आणि प्रत्येकाला कोणते खोटे सांगायचे याची नोंद असते. टॅबमध्ये विंडोज ९५ निवडले म्हणजे विंडोज ९५ परत येत नाही. प्रोग्रॅमने विचारल्यास तसे उत्तर दिले जाते आणि काही जुन्या वागणुकींची नक्कल केली जाते, एवढेच.

खरी दरी ६४ बिटच्या, म्हणजे एका घासात पूर्वीपेक्षा मोठे आकडे हाताळणाऱ्या, प्रोसेसरांनी पाडली. १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये आत ८०८६ हा जुना १६ बिटचा प्रोसेसर असल्याचा आभास निर्माण करण्याची खास सोय होती आणि एनटीव्हीडीएम तिच्यावरच उभे होते. एएमडीने आखलेल्या आणि २००३ पासून बाजारात आलेल्या ६४ बिट रचनेत प्रोसेसर ६४ बिटच्या पद्धतीने काम करत असताना ही सोय उपलब्धच नसते. त्यामुळे ६४ बिट विंडोजमधून एनटीव्हीडीएम वगळले गेले आणि त्याबरोबर विंडोज ३ च्या काळातले १६ बिट प्रोग्रॅमही गेले. विंडोज १० पर्यंत ३२ बिटची आवृत्ती मिळत होती, म्हणून ज्यांना गरज होती त्यांची सोय होत होती. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच निघाली आणि तो दरवाजाही बंद झाला.

भाच्याच्या सीडीचे कोडे इथे सुटते. १९९५ नंतरचे बरेच गेम स्वतः ३२ बिटचे होते, पण त्यांना हार्ड डिस्कवर उतरवणारा सेटअप अनेकदा १६ बिटचाच असे. ६४ बिट विंडोज अशा काही परिचित सेटअपांना ओळखून त्यांच्या जागी स्वतःजवळचा ३२ बिटचा पर्याय चालवते, मात्र प्रत्येक सेटअप तिच्या ओळखीचा नसतो. आम्ही सेटअपचा नाद सोडून सीडीवरचे गेमचे फोल्डर सरळ डिस्कवर उतरवले, आणि गेम चालू झाला. पडदा चौकोनी, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. भाच्याने चित्र ताणून रुंद केले, तेव्हा गाड्यांची चाके लंबगोल झाली.

डॉसच्या गेमांना मात्र विंडोजकडून काही आशा उरली नव्हती, आणि एक्सपी आली नेमक्या त्याच काळात उत्तर बाहेरून आले. २००२ मध्ये डॉसबॉक्स प्रथम प्रसिद्ध झाले. त्यात प्रोसेसर, साउंड ब्लास्टर, व्हिडिओ कार्ड आणि डॉस या सगळ्यांचे सोंग सॉफ्टवेअरने वठवलेले असते. गेमला आपण १९९० च्या मशीनवर आहोत असेच वाटते. त्यात मशीनचा वेगही ठरवता येतो: साध्या डॉस गेमसाठी ३००० सायकल हे त्याचे नेहमीचे प्रमाण आहे आणि कंट्रोल धरून एफ११ किंवा एफ१२ दाबले की तो कमी-जास्त होतो. म्हणजे टर्बोचे बटन इथे पुन्हा हजर आहे. इथल्या पदविका आणि विज्ञान शाखेच्या कित्येक विद्यार्थ्यांची डॉसबॉक्सशी ओळख गेममधून झालेलीच नाही. सी भाषेत प्रोग्रॅम लिहिण्याचे निळ्या पडद्याचे टर्बो सी अभ्यासक्रमात टिकून राहिले आणि ते नव्या विंडोजवर चालवण्यासाठी डॉसबॉक्सच्या कुशीत बसवून वाटले गेले, त्यामुळे आपण इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग घेणारा प्रोग्रॅम, वापरतो आहोत हे ठाऊक नसतानाच ते सी भाषेतली ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा शिकले.

जुने गेम चालवणाऱ्या आणि २००१ मध्ये सुरू झालेल्या स्कमव्हीएम या प्रोग्रॅमचा मार्ग निराळा आहे. ते जुने यंत्र उभे करत नाही, तर गेमचे इंजिनच नव्याने लिहून मूळ चित्रे, संवाद आणि आवाज यांच्या फाइली त्यावर चालवते. डूमच्या बाबतीत एवढीही खटपट करावी लागली नाही. १९९३ च्या त्या गेमचा मूळ कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला आणि त्यानंतर निघालेल्या जवळजवळ प्रत्येक उपकरणावर कोणी ना कोणी तो चालवून दाखवला. २००८ पासून पोलंडमधील जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळाने जुने गेम डॉसबॉक्ससह तयार अवस्थेत विकायला सुरुवात केली, आणि जानेवारी २०१५ मध्ये इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रहालयाने सुमारे २,४०० डॉस गेम ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले.

आज उलटी गत अशी आहे, की १९९० चा डॉस गेम २००० च्या विंडोज गेमपेक्षा बिनबोभाट चालतो. डॉसचे जग लहान होते, त्याची पूर्ण नक्कल करता आली. विंडोजचे गेम अर्धे जुन्या आणि अर्धे नव्या जगात लोंबकळत राहिले. २५६ रंगांचे गेम विंडोज ७ वर लावले की गवत जांभळे आणि पाणी लाल दिसू लागे, आणि टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद केला की रंग जागेवर येत. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डांसाठीची ग्लाइड ही भाषा बोलणाऱ्या गेमांना, ती कंपनीच संपल्यामुळे, आज दुभाष्यासारखी मधली फाइल लागते. कॉपीला आळा घालण्यासाठी काही सीडींवर सेफडिस्क असे. तिचा ड्रायव्हर सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचा ठरल्याने विंडोज १० ने २०१५ मध्ये तो नाकारला. परिणामी ज्याने पैसे मोजून मूळ सीडी घेतली त्याचा गेम अडला आणि ज्याने क्रॅक केलेली प्रत आणली त्याचा चालला. माझ्या पाकिटातल्या सीडी कोणत्या प्रकारच्या होत्या, हे इथे लिहीत नाही.

सिमसिटीची गोष्ट मात्र तीस वर्षांनी उलट्या दिशेने पुन्हा घडली. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती घेतल्यावर ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास या गेमच्या २००५ च्या पीसी आवृत्तीतून स्किमर नावाचे पाण्यावर उतरणारे विमान नाहीसे झाले, आणि २०२५ मध्ये सायलेंट या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरने त्याचा माग काढला. या गेममध्ये सर्व वाहनांची माहिती एका साध्या मजकूर फाइलीत असते, एका वाहनाला एक ओळ, आणि ओळीच्या शेवटी चाकांच्या मापाचे आकडे. आधीच्या व्हाइस सिटीमध्ये स्किमरची नोंद बोट म्हणून होती. बोटीला चाके नसतात, म्हणून ते आकडेही नव्हते. पुढच्या गेममध्ये त्याचे विमान झाले, पण ओळ तशीच राहिली. गेम ती ओळ वाचताना न सापडलेल्या मापाच्या जागी मेमरीत जे पडून असेल ते घेई आणि इतकी वर्षे तिथे आधी वाचलेल्या वाहनाचे माप शिळे पडून असे. २४एच२ मध्ये विंडोजच्या एका अंतर्गत फंक्शनने त्याच जागेचा थोडा अधिक वापर सुरू केला, शिळा आकडा पुसला गेला आणि विमानाचे गणित कोलमडले. या वेळी विंडोजचे काहीच चुकलेले नव्हते. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून स्किमरच्या ओळीत राहून गेलेले आकडे लिहिले, की विमान पुन्हा पाण्यावर उभे दिसते.