साठीतल्या सर्फरची फळी : लिटर किती आणि ते कुठे?

माझे एक स्नेही नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरीतून निवृत्त झाले आहेत. वय ६१, वजन ७८ किलो, पहाटे त्र्यंबक रस्त्याने सायकल चालवण्याचा अनेक वर्षांचा नेम. काही वर्षांपूर्वी मुलाबरोबर मंगळुरूजवळच्या मुल्कीला गेले असताना त्यांना सर्फिंगचा, म्हणजे फळीवर पालथे झोपून हातांनी पाणी मारत लाट पकडण्याचा आणि मग उभे राहून तिच्यावरून घसरण्याचा, नाद लागला आणि गेल्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःची फळी घेतली. ती ६ फूट २ इंच लांब, २० इंच रुंद, अडीच इंचांहून किंचित जाड आणि ३४ लिटर घनफळाची होती. संगणकावरच्या एका गणकयंत्रात वजन आणि अनुभव भरल्यावर साधारण हाच आकडा आला होता. त्या फळीवर चार दिवसांत त्यांना एकही लाट पकडता आली नाही. परत आल्यावर ते म्हणाले, "वय झालं आता, दुसरं काय!" हे निदान मला पटले नाही, म्हणून एका सकाळी परवानगी घेऊन आम्ही ती फळी पोहण्याच्या तलावावर नेली.

ते फळीवर पालथे झोपले आणि फळी पाण्याखाली दिसेनाशी झाली. पुढचे टोक तेवढे तिरके होऊन वर राहिले, पाणी बरगड्यांवरून काखेपर्यंत चढले आणि गुडघे खाली लोंबू लागले. त्यांनी हात मारायला सुरुवात केली तेव्हा कमरेच्या मागे पाण्याचा एक लहानसा ढीग तयार होऊन त्यांच्याबरोबरच सरकू लागला. मी काठावर उकिडवा बसून तो ढीग पाहत होतो, कारण त्यांच्या चार दिवसांच्या अपयशाचे उत्तर बरेचसे त्या ढिगात होते.

आधी लिटरचा अर्थ पाहू. विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीला तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पाठीला बांधलेला पत्र्याचा रिकामा डबा, वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा माणसाला वर धरतो तो आर्किमिडीजच्या तत्त्वामुळे : वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. गोड्या पाण्याचे एक लिटर म्हणजे जवळपास एक किलो. त्यामुळे ३४ लिटरची फळी पूर्ण बुडाली तरी ३४ किलोच उचलणार. माझे स्नेही ७८ किलोंचे आणि फळी ३ किलोंची, म्हणजे एकूण भार ८१ किलो. उरलेले ४७ लिटर पाणी कोणी बाजूला सारायचे? त्यांच्या शरीरानेच. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असल्यामुळे ७८ किलोंच्या माणसाचे घनफळही सुमारे ७८ लिटर असते. याचा अर्थ, त्यांचे निम्म्याहून अधिक शरीर पाण्यात बुडाले होते आणि ते बुडालेले शरीर त्यांना हातांच्या जोरावर ओढत न्यावे लागत होते.

त्यांनी लगेच शंका काढली की समुद्राचे पाणी खारे, ते जास्त उचलते. ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती तत्त्वतः खरीही आहे, पण तिचा आकडा कोणी पाहत नाही. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अवघे अडीच टक्के जड असते. त्यांच्या बाबतीत ४७ लिटरचे ४५ लिटर होतात, एवढाच काय तो फरक.

आता प्रश्न असा की तरुण, कसलेले सर्फर याहूनही लहान फळीवर कसे काय तरतात? ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारे रमेश बुदिहाळ किंवा पन्नासाव्या वाढदिवसाला काही दिवस बाकी असताना, फेब्रुवारी २०२२ मध्ये, हवाईतल्या पाइपलाइन या प्रसिद्ध लाटेवरची स्पर्धा जिंकणारे केली स्लेटर यांना पाहून अनेकांची समजूत होते की लहान फळी हेच कौशल्याचे लक्षण. परंतु लाटेवर उभा राहिलेला माणूस मुख्यतः फळीच्या लिटरवर तरंगत नसतो. वेगाने जाणाऱ्या फळीच्या तळावर पाणी आदळून तिला वर ढकलते आणि हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हातांनी पाणी मारताना वेग सेकंदाला साधारण दीड मीटर असतो, लाटेवरून घसरताना तो पाच मीटरपर्यंत सहज जातो. वेग सव्वातीन पट झाला की हा जोर अकरा पट होतो. म्हणून उभे राहून वेग घेतल्यानंतर ३४ लिटर पुरतात. अडचण आहे ती उभे राहण्यापूर्वीच्या काही सेकंदांत, आणि वयाचा हिशेब नेमका तिथेच द्यावा लागतो.

तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकात सर्वसाधारणपणे ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. त्यातही झटक्याने जोर लावणारे जलद तंतू अधिक झिजतात. त्यामुळे साठीतला माणूस तासन्तास सायकल चालवू शकतो, पण दोन सेकंदांत सगळी ताकद ओतणे त्याला अवघड जाते. लाट पकडताना हीच दोन सेकंदांची ताकद लागते. त्यानंतरची क्रिया म्हणजे सूर्यनमस्कारात पाय उचलून दोन्ही हातांच्या मध्ये आणतो ती, फक्त दोन्ही पाय एकदम आणि हलत्या जमिनीवर. सर्फिंगमध्ये तिला पॉप-अप म्हणतात.

लाट कमरेएवढी, म्हणजे एक मीटरची धरू. अशी लाट साधारण १.३ मीटर खोलीवर फुटते आणि उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग हा गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर, ताशी तेरा किलोमीटरच्या आसपास. दीड मीटरने जाणारा माणूस आणि साडेतीन मीटरने येणारी लाट यांच्यातली तफावत लाटेचा उतार भरून काढतो. फळी जितकी आधी वेग धरेल तितक्या सौम्य उतारावर लाट मिळते आणि उभे राहायला तितका अधिक अवकाश मिळतो. हातांची ताकद वाढवून हा वेग मिळवणे किती महाग आहे तेही पाहा : पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने आणि लागणारी शक्ती घनाने वाढते, म्हणजे वेग १० टक्के वाढवायला शक्ती ३३ टक्के जास्त लागते. साठीत ती कुठून आणायची? त्यापेक्षा विरोध कमी केलेला बरा.

आणि इथे तो कमरेमागचा ढीग येतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून जाणारी प्रत्येक वस्तू स्वतःची लाट निर्माण करते आणि वेग वाढला की त्या लाटेची लांबी वाढते. सेकंदाला दीड मीटर वेगाला ही लांबी सुमारे १.४४ मीटर असते. वेग वाढत जाऊन ही लांबी वस्तूच्या लांबीएवढी झाली की वस्तू स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते आणि पुढे जाण्याऐवजी समोरच्या चढावर चढू पाहते. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून या विरोधाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यातून येणारा ढोबळ नियम असा : मीटरमधल्या लांबीचे वर्गमूळ काढून त्याला १.२५ ने गुणले की सेकंदाला किती मीटरवर ही भिंत आडवी येते ते कळते. ६ फूट २ इंचांची फळी १.८८ मीटर लांब, तिची भिंत १.७१ वर. ८ फूट ६ इंचांची फळी २.५९ मीटर लांब, तिची भिंत २.०१ वर. माझे स्नेही दीडच्या वेगाने जाताना पहिल्या फळीवर भिंतीला टेकलेले असतात, तर दुसऱ्या फळीवर त्यांच्यापुढे मोकळी जागा असते. हात तेच, खांदे तेच आणि वयही तेच.

रुंदीचे गणित याहून गोड आहे. फळी एका अंगाला कलली की त्या बाजूची कड अधिक बुडते, दुसरी वर येते आणि बुडालेली कड फळीला परत सरळ करू पाहते. रुंदी वाढली की दोन्ही कडांशी कमी-अधिक होणारे पाणी दुहेरी वाढते, एक तर कड अधिक खोल जाते म्हणून आणि दुसरे म्हणजे बुडणारा भागच रुंद असतो म्हणून. शिवाय ज्या तरफेवर हा जोर चालतो तिची भुजाही लांबते. अशा तीन वाढींमुळे सावरण्याचा जोर रुंदीच्या घनाने वाढतो. २० इंचांची रुंदी साडेबावीस केली तर रुंदी साडेबारा टक्केच वाढते, पण सावरण्याचा जोर ४२ टक्क्यांनी वाढतो. वाढलेली लांबीही धरली तर तो जवळपास दुप्पट होतो. अर्थात कड पाण्याच्या पृष्ठभागापाशी असेल तोवरच हे खरे. फळी पूर्ण बुडाली की तिच्या रुंदीचा हा उपयोग संपतो, आणि बुडवून धरलेला चेंडू पोटाखालून निसटतो तशी ती निसटू पाहते. तलावात अगदी तसेच होत होते.

लिटर जाडी वाढवूनही मिळतात, आणि उतारवयातल्या ग्राहकाला पुष्कळदा आखूड पण जाड फळी सुचवली जाते, कारण ती दिसायला सुटसुटीत असते आणि गाडीत मावते. हा सल्ला मला चुकीचा वाटतो. जाडीतले लिटर अंग वर उचलतात, पण भिंत पुढे ढकलत नाहीत आणि रुंदीसारखे सावरतही नाहीत. शिवाय जाड कड वळताना पाण्यात दाबायला जड जाते.

प्रचलित ठोकताळ्यानुसार कसलेल्या तरुणाला वजनाच्या दर किलोमागे ०.३५ ते ०.४ लिटर पुरतात, मध्यम तयारीच्या माणसाला अर्ध्या लिटरच्या आसपास लागतात आणि शिकाऊ माणसाला ०.८ ते १ लिटर किंवा त्याहूनही जास्त. साठीत शिकणाऱ्याने शिकाऊचाच आकडा धरावा आणि वर्षानुवर्षे सर्फिंग केलेल्यानेही आपल्या जुन्या आकड्यात भर घालावी. गणकयंत्राने दशांश चिन्हापुढचा आकडा दिला तरी त्यावर विश्वसू नये. दोन तांबे पाणी प्यायल्याने ज्याच्या वजनात किलोचा फरक पडतो, त्याच्यासाठी ३४.७ आणि ३५.२ लिटर यांत निवड करणे निरर्थक आहे. असाच निरर्थक विश्वास आमच्या तांबट आळीच्या शहरात तांब्याच्या कड्यावर ठेवला जातो. सांधेदुखीसाठी ते घालून पाण्यात उतरणारे मी पाहिले आहेत. तांब्याची भांडी सुरेख होतात, पण काटेकोर चाचण्यांत कड्याने वेदना कमी झाल्याचे दिसलेले नाही. ज्याचा खांदा दुखतो त्याने डॉक्टरांना दाखवावे आणि फळीची रुंदी बेताची ठेवावी, कारण अतिरुंद फळीवर पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी हात बाहेर फाकवावे लागतात आणि सगळा ताण खांद्यावर येतो. अशा माणसाने लांबीतूनच लिटर घ्यावेत.

मोठ्या फळीची किंमतही मोजावी लागते. ती फुटणाऱ्या लाटेखाली दाबून पलीकडे नेता येत नाही, वाऱ्यात उचलून चालणे कष्टाचे होते आणि हातून सुटली तर शेजारच्या माणसाला इजा करू शकते. म्हणून शिकताना मऊ पृष्ठभागाची फळी घ्यावी, फळीला पायाशी जोडणारी दोरी नीट बांधावी आणि गर्दीपासून लांब उतरावे.

माझ्या स्नेह्यांसाठी आम्ही कागदावर काढलेली फळी ८ फूट ६ इंच लांब, साडेबावीस इंच रुंद, ३ इंच जाड आणि ६४ लिटरची होती, म्हणजे किलोमागे ०.८२ लिटर. तिचे वजन ६ किलो धरले तर एकूण ८४ किलोंसाठी समुद्राचे ८२ लिटर पाणी बाजूला सरायला हवे. फळीचे ६४ वजा जाता शरीराच्या वाट्याला ४५ ऐवजी १८ लिटर उरतात. मुल्कीला त्यांनी या मापाच्या जवळची मऊ फळी भाड्याने घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. तीन लाटा मिळाल्या होत्या, त्यांपैकी एकीवर ते किनाऱ्याच्या वाळूपर्यंत उभे होते, आणि कमरेमागे पाण्याचा ढीग होता का, या माझ्या प्रश्नावर ते म्हणाले की मागे वळून पाहायला वेळच मिळाला नाही.