पाइन : बागेतील लागवड

पाइन हा सुयांसारखी पाने असलेला सदाहरित वृक्ष. माण, खटाव, आटपाडी, जत या सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांत बागेसाठी त्याच्या दोन जातींचा विचार करता येतो : हिमालयाच्या खालच्या उतारांवरचा चीड आणि भूमध्य समुद्राकाठचा अलेप्पो पाइन. रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळते ते बहुधा अरॉकेरिया असते. सुरूही पाइन नव्हे. चिडाच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात, २० ते ३० सेंमी लांब असतात. अलेप्पोच्या बहुधा दोन-दोन आणि ६ ते १० सेंमी. अगदी कोवळ्या रोपाच्या सुया मात्र सुट्या असतात, त्यामुळे जुडगी दिसू लागलेलेच रोप घ्यावे.

चिडाला पावसाळी पाऊस आणि कोरडा उन्हाळा सवयीचा आहे, म्हणून मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत तोच बरा. चुनखडी जमिनीत लोह न मिळाल्याने त्याच्या नव्या सुया पिवळ्या पडतात. तिथे अलेप्पो टिकतो, पण तो हिवाळी पावसाच्या मुलखातला असल्याने पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलेले त्याला सोसत नाही.

आपल्याकडे पाइन तहानेपेक्षा साचलेल्या पाण्याने अधिक मरतो. काळ्या जमिनीत खड्डा घेऊन मुरूम भरला, तर पावसाळ्यात त्या खड्ड्याचा हौद होतो आणि मुळे कुजतात. तिथे खड्डा न घेता मुरूम-मातीचा दीड-दोन मीटर रुंद, सुमारे ४५ सेंमी उंच उंचवटा करून त्यावर रोप लावावे. मुरमाड जमिनीत ६० सेंमी लांब-रुंद-खोल खड्डा पुरतो. त्यात पाटीभर पूर्ण कुजलेले शेणखत घालावे. कच्च्या शेणखतातून हुमणी येते.

लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी. पिशवी फाडून तळाशी गोल फिरलेली मुळे कापावीत, नाहीतर पुढे झाड वाऱ्याने कलंडते. पाइनची मुळे विशिष्ट बुरशीच्या साथीने अन्न घेतात. जवळपास जुना पाइन असल्यास त्याच्या बुडाची ओंजळभर माती मुळांशी टाकावी. ही बुरशी नसेल, तर खत घालूनही रोप खुंटलेलेच राहते.

पहिले दोन-तीन उन्हाळे दर ८ ते १० दिवसांनी १५ ते २० लिटर पाणी द्यावे, तेही खोडापासून हातभर अंतरावर आळे करून. रोज थोडे थोडे पाणी दिल्यास मुळे वरच राहतात. वाळवीचा त्रास या पट्ट्यात हमखास; बुंध्याशी काडीकचरा साचू देऊ नये.

उन्हाळ्यात चीड जुन्या सुया मोठ्या प्रमाणात गाळतो. झाड वाळले समजून लोक भसाभस पाणी सोडतात, आणि तेच नडते. शेंड्याचा कोंब टणक असेल तर काळजी नको. आतल्या सुया पिवळ्या पडणे स्वाभाविक. शेंड्याकडून तपकिरी होत आल्या तर मूळ तपासावे.

आकार द्यायचा असल्यास वाढते कोवळे कोंब निम्मे खुडावेत. अलेप्पोची सुया नसलेली जुनी फांदी तोडली, तर तिथून सहसा फूट येत नाही. गळलेल्या राळयुक्त सुया लवकर पेट घेतात, म्हणून घर, कडब्याची गंज आणि विजेच्या तारा यांपासून झाड किमान ८ ते १० मीटर दूर असावे.